कवी कडूबाचं काय झालं?

धामणगाव बढ्याच्या शाळेत शेषराव गुरुजी मराठी शिकवायचे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. कविता म्हणताना गुरुजी रंगून जायचे आणि पोरं खुशाल पेंगायची.

एकदा गावच्याच कडूबा कवीची कविता चालली होती. गुरुजींनी वैतागून पुस्तक मिटलं. "हा कवी मेला कसा, ठाऊक आहे कुणाला?"

वर्ग टुणकन जागा झाला.

"हिरीत जीव देला, गुरुजी!"

"नाई बे, भावकीनं ढकलला!"

"वाघानं नेला!"

तीस वर्षांमागं विहिरीच्या काठावर कडूबाच्या वहाणा सापडल्या होत्या, कडूबा सापडला नव्हता. गावाला माहीत होतं ते एवढंच.

"मग शोधा," गुरुजी म्हणाले. "पण आधी त्याच्या साऱ्या कविता वाचा. माणूस कसा होता तेच कळलं नाही, तर गेला कसा ते काय कळणार?"

पोरांनी कडूबाच्या कवितांच्या पातळ पुस्तकाचा फडशा पाडला. मधल्या सुट्टीत ओळींवरून भांडणं होऊ लागली. दारामागून ऐकताना गुरुजींना हसू आवरेना.

चौथ्या दिवशी कोकिळा नावाची मुलगी उभी राहिली. "गुरुजी, हा हिरीत काऊन बुडन? हे ऐका." आणि तिनं म्हटलं:

"हीर माही मावशी गं, घेते मले पोटाशी,
बुडी मारतो खोल तरी येतो वर काठाशी."

"पट्टीचा पोहणारा हाय हा! अन् बाकी साऱ्या कविता डोंगराकडच्या एका मैनेवर."

मैना कोण, ते विहिरीजवळ राहणाऱ्या झुंबरबाईंनी सांगितलं. "आमच्या शेजारची रुख्मिणी असन. लहानपणीच रांडावली बिचारी. कडूबा गेला त्याच हप्त्यात ती माहेरी गेली, डोंगराखालच्या जळगाव जामोदले. वापस आलीच नाई."

रविवारी गुरुजी सगळ्या वर्गाला घेऊन बसनं जळगाव जामोदला गेले. विचारत विचारत एका मळ्यात पोचले. एक म्हातारा वांगी तोडत होता.

"कडूबा कवी तुम्हीच काय?" कोकिळेनं विचारलं.

"होतो कवी. आता वांगेवाला हाय."

"पण तुमी तं मेले होते!"

"कवा?" म्हातारा दचकला. सारं ऐकल्यावर तो बांधावर बसून पोट धरून हसला. "अवो, रुख्मिणीची बैलगाडी सुटली होती! मी मागं पळालो, तं वहाणेचा अंगठा तुटला. देल्या तिथंच फेकून."

"मग कधी कळवलं का नाही?" गुरुजींनी विचारलं.

खोपीतून रुख्मिणीबाई बाहेर आल्या. "विधवेशी लगन केलं म्हणून गावानं उभं केलं असतं का आमाले? मेला समजले, ते बरंच झालं."

मग पोरांनी एका सुरात 'हीर माही मावशी' म्हटली. कडूबाची मान डोलत होती, डोळे वाहत होते. ज्या माणसाबद्दल आयुष्यभर 'होते, होते' म्हणत शिकवलं, तो समोर नाक पुसत बसलेला पाहून गुरुजी पुढं झाले. त्यांनी वाकून नमस्कार केला.

रुख्मिणीबाईंनी भरीत-भाकर वाढली. कडूबानं आपली ताजी कविता म्हणून दाखवली, वांग्यावरची.

परतीच्या बसमध्ये पोरांच्या मांडीवर वांगी होती. गुरुजी खिडकीशी बसून ती नवी कविता पाठ करत होते, कारण ती लिहून द्यायला कडूबानं साफ नकार दिला होता. "लिहून देली की पुस्तकात छापतीन, अन् लोक पुन्हा मले मारतीन," तो म्हणाला होता.