दुसऱ्या सॉकेटमध्ये कोण होतं?

इथले भुताखेतांचे किस्से मी रोज चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात हसते. त्यामुळे आज तुम्ही मला हसलात तर फिट्टंफाट. पण जे झालं ते झालं... आणि माझ्याच घरात, भर दिवसा झालं.

मी मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहते. उभी नोकरी एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात गेली. आणि त्या वेळची मी म्हणजे काय ध्यान होतं... भर मे महिन्यात स्वेटर घालून एसी रूममध्ये बसायची आणि बाहेर पडले तरी काढायची नाही. स्टेशनपर्यंत घामाने निथळत जाईन, पण लोकांना कळलं पाहिजे ना, बाई कॉम्प्युटरवाली आहे! खंडेनवमीला शिपाईमामा मशीनला हार घालायला आले की मी दारातच त्यांना विज्ञानावर व्याख्यान द्यायची. ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि हार माझ्या खुर्चीला घालून जायचे.

लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात, मी सर्वर घेऊन आले. ऑफिसने जुना माल भंगारात काढला, त्यातून एक उचलला. चालू केला की असा घुमतो की शेजारच्या हंसाबेन विचारतात, "आंटी, घर में आटाचक्की डाली क्या?"

तर या चक्कीवर माझी नात जुई आपली ॲनिमेशन फिल्म बनवत होती. आमच्या ह्यांचं घराणं भाईंदरचं, मिठागरवाल्यांचं. ह्यांनी तिला लहानपणी सांगितलेली गोष्ट — मिठाचे ढीग कंटाळून उठतात आणि खाडीत पोहायला जातात. चित्रं झाली, आवाज झाले, राहिलं होतं रेंडरिंग, म्हणजे मशीनने एकेक फ्रेम पक्की करून फिल्म बाहेर काढणं. डिझाइन कॉलेजच्या प्रवेशासाठी फिल्म सोमवारी सकाळी द्यायची होती. आणि शुक्रवारी मशीन म्हणालं, मला सोमवारची रात्र होईल.

जुई सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली. "आजी, वर्ष गेलं माझं."

"रड नंतर," मी म्हटलं. "याच्यात दुसऱ्या प्रोसेसरची जागा रिकामी आहे. ती भरली की काम निम्म्या वेळात."

जुन्या सर्वरला कुठलाही प्रोसेसर चालत नाही. आधीच्याचा अगदी जुळा लागतो, नंबरासकट. भाईंदरला केबिन रोडवर जुने पार्ट विकणारा एक जण आहे, त्याच्याकडे आम्ही दोघी त्याच संध्याकाळी गेलो. "माताजी, सेम टू सेम है," तो म्हणाला. मी पर्समधून भिंग काढलं आणि अक्षर न् अक्षर पडताळून घेतलं. तो जुईला म्हणाला, "नानी पुलिस में थी क्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्वर उघडला. प्रोसेसरच्या रिकाम्या जागेवर, म्हणजे सॉकेटवर, काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं, ते काढून आत बघितलं. पिना सरळ होत्या. तेवढ्यात हे सोवळ्यात येऊन उभे.

"अगं, आज खंडेनवमी. तुझं ते नवीन यंत्र पूजेला दे."

"अहो, यंत्र नाही, चिप आहे ती."

"मग चिप दे."

देवघरापुढे पाटावर विळी, पक्कड, शिवणाचं मशीन, सगळी मांडामांड झालेली. वाद घालायला वेळ नव्हता. म्हटलं, "घ्या. पण खालच्या सोनेरी ठिपक्यांना कुंकू लागलं तर मी माहेरी जाईन."

"या वयात? तिकडे आहे कोण?" हे म्हणाले आणि प्रोसेसर पाटावर ठेवला. पिनांवर धूळ नको म्हणून मी ते काळं झाकण परत लावलं आणि पुऱ्या लाटायला गेले.

जुई आंघोळ करून आली. तिने उभ्या जन्मात सर्वरच्या पोटात डोकावलेलं नव्हतं. सॉकेटवर काळं चौकोनी काहीतरी दिसलं, तिला वाटलं आजीने प्रोसेसर बसवला. आदल्या रात्री मी सांगितलं होतं तशी तिने त्यावर पेस्ट लावली, वर उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक ठेवून स्क्रू आवळले आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "झालं." मला वाटलं, हिने पाटावरचा प्रोसेसर उचलून बसवला. शाबास म्हटलं आणि हातातली पुरी तेलात सोडली.

मशीन चालू केलं. स्क्रीनवर ओळ आली... प्रोसेसर दोन.

मी हीटसिंकला हात लावून बघितला, दोन्ही कोमट. आणि रेंडरिंग असं पळायला लागलं की जुई खोलीतच गरबा करायला लागली. मीही एक फेरी धरली, गुडघे म्हणाले पुरे. दसऱ्याला दुपारी श्रीखंड वाढत होते तेव्हा शेवटची फ्रेम आली. मिठाचा सगळ्यात छोटा ढीग खाडीत उडी मारतो, ती. जुईने फिल्म पाठवून दिली आणि मगच जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी निर्माल्य गोळा करत होते. झेंडू उचलला, आपट्याची पानं उचलली, अक्षता बाजूला केल्या... खाली प्रोसेसर. कुंकू लावलेला.

"जुई," मी हाक मारली, "तू मशीनमध्ये काय बसवलंस गं?"

"मी कुठे? तूच बसवलंस ना?"

दोघींनी सर्वर बंद करून उघडला. हीटसिंक काढला. खाली काळं प्लॅस्टिकचं झाकण, त्यावर पेस्ट चोपडलेली. झाकणाखाली पिना... आणि पिनांवर हवा.

स्क्रीन खोटं बोलली असेल असं मी स्वतःला समजावलं. पण मग फिल्म वेळेत कशी झाली? ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, झोप होते ना नीट?" हे मात्र पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पूजा केली होती ना? मग झालं तर." पन्नाशीच्या आतली मी असते तर ह्यांना तिथेच व्याख्यान दिलं असतं. आत्ताची मी चहा टाकायला गेले.

कुंकू पुसून प्रोसेसर रीतसर बसवला. प्रोसेसर दोन. वेग तोच, तसूभरही फरक नाही.

पुढे जुईला मुलाखतीला बोलावलं. फिल्म त्यांना आवडली होती. एका सरांनी विचारलं, "घर पे रेंडर किया? किस मशीन पे?"

"नानी के पुराने सर्वर पे," ती म्हणाली. "दो प्रोसेसर हैं उसमें."

"इतना पुराना? दोनों चलते हैं?"

"हाँ सर. एक तो लगाने से पहले से चल रहा है."

ते सगळे खूप हसले म्हणे. तिला प्रवेश मिळाला. तिने काही विनोद केला नव्हता, हे फक्त आम्हा तिघांना माहीत आहे... आणि आता तुम्हाला.