मालकांची कुत्री आणि आमचा कुकर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. जपानात, नागोयातल्या आमच्या घरमालकांनाही सांगितलं होतं, बहुधा म्हणूनच त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला.

त्या वर्षांत पुण्याहून नागोयाला इंजिनिअरांची रीघ लागली होती. गाड्यांमधलं सॉफ्टवेअर तपासायला मीही गेलो. शहराच्या कडेला एका दुमजली घरात वर आम्ही नवरा-बायको, खाली मालक. सत्तरीचे, एकटे, शिकारीचा परवाना असलेले. त्यांची जुनी कुत्री गेली आणि आठ महिन्यांची नवी आली. पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. झुडपात पक्षी दिसला की एक पाय उचलून पुतळ्यासारखी उभी राहायची.

"हिला आवाजाची सवय लावायचीय," मालक म्हणाले. "ती जेवत असताना लांबून, हळू आवाज करायचा. रोज थोडं जवळ यायचं. आवाज झाला की काहीतरी चांगलं मिळतं, एवढं तिला कळलं की झालं. मदत कराल का, इंजिनिअर-सान?"

"आणि भ्यायली तर?"

"बंदुकीला भिणारी कुत्री शिकारीला चालत नाही. मोसमाआधी परत द्यावी लागेल. या वयात दोन-दोन कुत्री सांभाळणं मला झेपायचं नाही." हे ते तिचा वाडगा घासत, मान वर न करता म्हणाले.

"काळजी सोडा," मी म्हणालो. "आवाजाचं काम माझ्या रक्तातच आहे."

खोटं नव्हतं. दहावीपर्यंत ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून मी डबा बडवलाय. तीन शेतांपलीकडची पाखरं उठायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांनी अंगणात वाडगा ठेवला. मी कुंपणापाशी, हातात आमचं स्टीलचं ताट आणि पळी. मालकांनी खूण केली. मग मला जे येत होतं ते मी केलं. ताट बडवलं, आणि वर "हाऽऽ हुर्रर्र!" अशी आरोळीही ठोकली.

वाडगा उलटा, कुत्री मालकांच्या ट्रकखाली. समोरच्या आजीबाई चपला न घालताच बाहेर आल्या आणि आग कुठे लागली म्हणून विचारू लागल्या. मालक ट्रकखाली वाकून तिला हाका मारू लागले. वरून बायको ओरडली, "अहो, कुत्रीला जेवू घालायचं होतं, पाखरं नव्हती हाकलायची!"

पुढचे दोन दिवस कुत्री वाडग्याला चमचा लागला तरी पळायची. मग नुसत्या मला बघून पळायला लागली. मोसमाला दोन महिने होते. ऑफिसात मी दिवसभर दुसरं काय करत होतो? एका वेळी एकच गोष्ट, तीही थोडीशी बदलायची आणि काय होतं ते बघायचं. तेवढ्याचा पगार मिळायचा. आणि घरी येऊन थेट माळ्यावर चढलो! एका जनावराचं घर माझ्या फुशारकीपायी सुटणार, हे मनातून जाईना.

मार्ग बायकोने काढला. रविवारी ती मालकांना विचारून चपाती घेऊन जिन्याच्या तळाशी बसली. वर दार लावून कुकर ठेवलेला. कुत्री आली. वरून शिट्टी झाली, तिचे कान ताठ झाले. मी घाईने कुरवाळायला गेलो.

"हात लावू नका! लाड केलेत तर तिला वाटेल, खरंच काहीतरी झालंय. लेकरू पडलं की आई कशी, बघून न बघितल्यासारखं करते." मग कुत्रीकडे न बघताच म्हणाली, "डाळ आहे गं. घे, खा."

मग बायको दर दिवशी एक पायरी वर बसायची. तीन आठवडे आम्ही रोज डाळच खाल्ली. शेवटी शिट्टी झाली की कुत्री अंगणातून जिना चढून स्वयंपाकघराच्या दारात हजर!

मग मालक आम्हाला शूटिंग रेंजवर घेऊन गेले. टेकडीपलीकडे लोक नेमबाजी करत होते. आम्ही अलीकडे, गाड्या लावायच्या जागेच्या टोकाला. वाडगा माझ्या हातात. पहिला बार झाला आणि मी जागच्या जागी उडालो. कुत्रीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सांडलेल्या खाण्याकडे.

मालक म्हणाले, "कुत्री बरी आहे. इंजिनिअर-सान, तुम्ही जरा गाडीत बसा."

पदवी घेतलेल्या माणसाला वर्गात कुत्रीच्या मागच्या बाकावर बसवायचं! मी हटलो नाही. बायकोने माझ्याही हातात गुळाची चपाती दिली. "तुम्हीपण खात राहा." पुढचे चार रविवार आम्ही दोघं विद्यार्थी, थोडं थोडं पुढे सरकत, आवाज झाला की चावत.

चौथ्या रविवारी थेट रेंजच्या कुंपणापाशी उभे होतो. बार झाला. कुत्रीने शेपूट हलवत बायकोच्या पिशवीत तोंड घातलं. माझाही घास थांबला नाही. मालक वाकले आणि कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "योशी." तिला काही जमलं की ते हेच म्हणायचे. मग माझ्याकडे बघून पुन्हा एकदा तेच म्हणाले. पदवीदान समारंभात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मोसमाच्या पहिल्या दिवशी सकाळी मालक दारात आले. खाली ट्रकमध्ये कुत्री बसली होती. त्यांनी बायकोकडे चार चपात्या मागितल्या.

"मीही येऊ का?" मी विचारलं.

ते कमरेत वाकले. "डोंगरातले सगळे पक्षी एकदम उठवायचे असले, तर तुम्हाला नक्की बोलवीन."