काटे दिवसातून किती वेळा भेटतात

मुलगी बघायला आम्ही भुकूमहून जांब्याला गेलो, तेव्हा पगार, व्यसनं आणि फ्लॅटचा हप्ता या प्रश्नांची उत्तरं आईने माझ्याकडून रस्ताभर घोकून घेतली होती. मुलीच्या वडिलांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांच्या खोल्यांमध्ये आयटीतली पोरं भाड्याने राहायची. एकाने त्यांना मुलाखतीत विचारतात ते एक कोडं सांगितलं होतं. उत्तर मात्र त्यांनी स्वतःच काढलं होतं.

"पाव्हणं, घड्याळाचा मोठा काटा अन् बारका काटा दिवसात किती येळा एकावर एक येत्यात?"

"चोवीस," मी म्हणालो. दर तासाला एकदा, त्यात विचार काय करायचा!

ते खूश झाले. "बराबर हाय. आधीच्या पोराला न्हाई आलं."

पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली मुलगी खाली मान घालून म्हणाली, "बावीस."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी पोह्यांकडे.

वडिलांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि मागचं बटण फिरवत काटे बारापासून पुन्हा बारापर्यंत नेले. सुरुवातीचे बारा सोडून आई मोठ्याने मोजत होती. अकरा भरले. पुन्हा फिरवलं, पुन्हा अकरा.

"अकरा अन् बाराच्या मधी गाठच पडंना," म्हणत ते त्याच तासात काटे पुढेमागे करू लागले.

"आप्पा," मुलगी म्हणाली, "त्या तासात मोठा काटा लहान्याला बारावरच गाठतो. ती भेट मोजून झालीय. अर्ध्या दिवसात अकरा, म्हणून दिवसात बावीस."

"तू गप. बघतो मी."

त्यांनी इतका जोर लावला की बटण हातात आलं. दोन्ही काटे सैल होऊन सहावर लोंबायला लागले, एकावर एक.

"ही धरून तेवीस," ते गंभीरपणे म्हणाले.

मुलगी आत पळाली. आतून हसण्याचा आवाज आला, मग मलाही आवरेना. आईने मला कोपराने ढोसलं, पण तिचा पदर तोंडावर होता.

वडिलांनी घड्याळ मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "पोराला येत न्हाई काही. पण हसतंय बरं."

परतताना आई म्हणाली, "मुलगी हुशार आहे. तुझं कसं व्हायचं?"

पुढच्या आठवड्यात त्यांचा होकार आला.