जर्मलच्या कव्हरवरचं नाव

लोणावळ्यात माझं गॅरेज आहे आणि तीस वर्षं मी लोखंडात काढली आहेत. ट्रकचे, पंपांचे, जुन्या जीपचे पार्ट असे काही साफ करून देतो की मालकाला आपलाच माल ओळखू येत नाही, अशी माझी फुशारकी होती. गेल्या दिवाळीनंतर एका मावशींनी ती उतरवली, तीही एक वाकडा शब्द न बोलता.

मावशी वडिवळ्याच्या. जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाचं एका बाजूचं कव्हर पोत्यात गुंडाळून घेऊन आल्या. घरच्या म्हशींची धार त्या काढायच्या आणि त्यांचे यजमान या गाडीवरून थेट तुंगार्लीच्या बंगल्यांपर्यंत दूध घालायचे. यजमान जाऊन चार वर्षं झाली. गाडी गोठ्यात गंजली आणि पुतण्या ती भंगारात द्यायला निघाला, तेव्हा मावशींनी हे एवढं कव्हर त्याच्याकडून काढून घेतलं. त्यावर तेल आणि मातीचं असं पुट चढलं होतं की आत धातू आहे हे मानूनच घ्यावं लागे.

"गाडीचं मला काय करायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर ह्याच्यावर आमच्या ह्यांचं नाव हाय. तेवढं दिसू द्या."

गाडी नवी घेतली त्या दिवशी यजमान ती बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे घेऊन गेले होते. लग्नातल्या तांब्यावर, परातीवर ठिपके ठोकून नाव घालतात ना, तसं त्यांनी इंजिनावर घालून घेतलं. नाव घातलंय, आता कुणी चोरायचं नाही, असं घरी येऊन सांगितलं. मावशींना तेव्हा अक्षर येत नव्हतं. अजूनही वाचता येत नाही. अलीकडे बचत गटात सही तेवढी शिकल्या. त्या शिकेपर्यंत नाव कधीच तेलाखाली गेलं होतं. इंजिनाला परातीसारखं वागवणाऱ्या त्या माणसाचं मला मनापासून हसू आलं.

नाव आहे म्हटल्यावर पॉलिशचा बफ मारायचा नाही, एवढं मला कळत होतं. बफ चमक देतो, पण ठिपके खाऊन टाकतो. म्हणून मी शहाणपणा केला. लोखंडी पार्टांसाठी माझ्याकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचं पिंप भरलेलं असतं, त्यात ते अ‍ॅल्युमिनिअमचं कव्हर सोडलं. सोडा अ‍ॅल्युमिनिअमला खातो हे ऐकून होतो. पण पाच मिनिटांत असं काय होणार, तेल सुटलं की काढून घेऊ. तेवढ्यात घाटात बंद पडलेल्या गाडीसाठी फोन आला आणि मी पाना उचलून निघालो. पाऊण तासानं परत येतो तर पिंप रटरटत होतं. कव्हर बाहेर काढलं. तेल सगळं गेलं होतं आणि कव्हर तव्यासारखं काळंकुट्ट झालं होतं. नाव कुठंच दिसेना.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दोन दिवस मावशींना फोन करायची हिंमत झाली नाही. माणूस गेला, गाडी गेली, उरलं होतं ते नाव मी विरघळवून बसलो, हेच डोक्यात घोळत होतं. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून आल्या. मी कव्हर पुढ्यात ठेवलं आणि झालं ते सांगून टाकलं. लाज वाटत होती, मान वर होत नव्हती. त्यांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं, नखानं खरवडलं.

"हे तर जर्मल हाय की वो, भाऊ. जर्मलला कुणी सोडा घालतं व्हय?"

जर्मल म्हणजे आपलं घरातलं अ‍ॅल्युमिनिअम. मावशींनी दुधाच्या किटल्या जन्मभर घासल्या होत्या. नवी नवरी असताना त्यांनीही एकदा किटली सोड्यात उकळून अशीच काळी केली होती आणि सासूनं ती चिंचेच्या पाण्यात परत पांढरी करून दाखवली होती. हे सांगता सांगता त्यांनी मला चिंच आणायला पिटाळलंसुद्धा. पातेलं शेजारच्या वडापाववाल्यानं दिलं. माझ्या गॅरेजात, माझ्याच स्टोव्हवर मावशी इंजिनाचं कव्हर आमटीसारखं उकळत बसल्या आणि मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

तासाभरानं कव्हर बाहेर काढून त्यांनी काथ्यानं हलक्या हातानं पुसायला घेतलं. काळं निघत गेलं आणि खालून किटलीसारखा मऊ पांढरा रंग वर आला. एका कोपऱ्यात मात्र बारीक काळे ठिपके राहिले. मी ते पुसायला हात पुढं केला, तर मावशींनी माझं मनगट धरलं. मग मलाही दिसलं. माझ्या चुकीचा काळा रंग वरून सगळा गेला होता, फक्त ठोकलेल्या ठिपक्यांच्या खळग्यांत तेवढा बसला होता. पांढऱ्यावर काळं, अक्षर न् अक्षर. इतक्या वर्षांत हातून पुष्कळ चमकदार कामं झाली, पण अंगावर काटा त्या दिवशी आला.

मी वाचणार, इतक्यात मावशींनी बोट ठेवलं. आधी 'सौ.' होतं, ते त्यांनी ओलांडलं. पुढच्या तीन अक्षरांवरून बोट सावकाश गेलं आणि पुन्हा मागं आलं. खाली 'वडिवळे'.

"ही तर माझी गटातली सही हाय," त्या म्हणाल्या. "ह्यांचं कुटं हाय?"

मी कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं, आतूनही पाहिलं. दुसरं नाव नव्हतंच. तसं सांगितलं तेव्हा त्या कव्हर मांडीवर घेऊन पदरानं पुसत राहिल्या. पातेल्यातलं चिंचेचं पाणी निवत आलं होतं.

"सांगायचं तरी की वो," त्या हळूच म्हणाल्या.

हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.