पेटीतलं झबलं

ॲशकोम गावातल्या गरिबाघरी मूल यायच्या आधी पेटी यायची. पाळणा नसला तरी चालायचं, नवरा शुद्धीवर नसला तरी चालायचं, पण पेटी हवी. चर्चच्या बायांनी घालून दिलेली पद्धत होती ती. जिच्याकडे अंथरायला धड चादर नाही तिला बाळंतपणासाठी महिनाभर ही लाकडी पेटी मिळे. आत चादरी, दुपटी, लंगोट आणि बाळाची पांढरी झबली. महिना झाला की सगळं धुऊन, इस्त्री करून परत. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं गावाचं अक्षर काढलेलं असे, म्हणजे कुणी ते गहाण टाकायला नको. दया करायची, पण डोळे वटारून!

ही पेटी सांभाळायची केझाया पिनॉक. तिचा नवरा एमस चर्चची घंटा वाजवायचा आणि थडगी खणायचा. त्यामुळे येणाऱ्याची सोय बायको करते आणि जाणाऱ्याची नवरा, अशी गावात थट्टा चाले. केझाया त्यावर कधी हसली नाही. ती पेटी दारातच द्यायची, दारातच मोजून घ्यायची. बाळंतिणीच्या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलं नाही, कुणाचं पोर कधी हातात घेतलं नाही. बायका म्हणायच्या, "वांझोटी मेली, ताठा मात्र केवढा!"

वांझ कुठली? जुन्या माणसांना माहीत होतं, पण जुनी माणसं गप्प बसली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला होता, आणि तो रडलाच नाही. सुईणीनं फडक्यात गुंडाळून लगेच बाहेर नेला. केझाया अंथरुणातून ओरडत राहिली, "अहो थांबा, झबलं घालू द्या त्याला, शिवून ठेवलंय मी!" पण त्या गडबडीत ऐकतंय कोण! बाप्तिस्मा न झालेलं पोर, त्याला चर्चचे विधी नाहीत. एमसनं चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीपाशी, प्रार्थनेवाचून, आपल्या हातानं पुरलं त्याला. झबलं मात्र राहिलं, कपाटाच्या तळाशी, लॅव्हेंडरच्या काड्यांत. गळ्याभोवती बारीक पिसाची नक्षी भरली होती तिनं. फीत तेवढी कधीच बांधली गेली नाही.

वीसेक वर्षं गेली. एका मार्चमध्ये थर्झा हल्बर्टची तान्ही मुलगी खोकल्यानं गेली. आधीची दोन चिल्लीपिल्ली, नवरा जेसी हिवाळाभर छाती धरून पडलेला. पेटी तिनं वेळेवर परत आणली, सगळं स्वच्छ धुऊन. केझायानं दारातच मोजलं.

"थर्झा, एक झबलं कमी आहे."

"असेल."

"असेल म्हणजे काय? घरी जाऊन शोध."

"शोधून मिळणार नाही ते."

"का, विकलंस?"

तोंडातून गेलं आणि केझायाला वाटलं, जीभ झडली असती तर बरं. थर्झाचा चेहरा पांढरा फटक पडला.

"हो, विकलं! दारू प्याले! जा, सांगा तुमच्या बाईसाहेबांना!" म्हणून ती तरातरा निघून गेली.

संध्याकाळी जेवताना एमस हळूच म्हणाला, "अगं, तिनं विकलं नाही ते. पुरताना खोक्याचं झाकण मीच ठोकलं ना. पोरीच्या अंगात होतं. लाल अक्षर वरच दिसत होतं."

केझायानं चमचा खाली ठेवला. "कुणी घातलं?"

"आईनंच. कुणाला हात लावू देईना. फीतसुद्धा बांधली तिनं."

"तिला घालू दिलं," केझाया म्हणाली. पुन्हा म्हणाली, "तिला घालू दिलं हो." एमसनं मान वर केली नाही. ताटातला पाव तसाच राहिला.

पण झबलं कमी ते कमीच. शनिवारी चर्चच्या बाया पेटी तपासणार होत्या. कपडा हरवणाऱ्या घराला पुन्हा पेटी नाही, हिवाळ्याचा धर्मादाय कोळसाही नाही, असा नियम होता. हल्बर्टच्या घरात कोळसा नाही म्हणजे पुढच्या हिवाळ्यात नवऱ्याचं काय होणार, हे कुणी सांगायला नको होतं.

म्हणून केझाया आधी मिस रेव्हनहिलकडे गेली. ही पाद्रीबाबांची बहीण. पेटीचा सगळा कारभार तिच्या हातात.

"बाईसाहेब, एखादं मूल त्या झबल्यातच पुरलं गेलं तर?"

"तर ती चोरीच झाली, पिनॉक. गेलेल्या जिवाला काय, फडकंही चालतं. त्याच झबल्यात पुढची किती मुलं उबेत राहिली असती!" मग तिचा आवाज जरा उतरला. "मी काही दगड नाही गं. यातले निम्मे कपडे मी स्वतः शिवलेत, डोळे फुटेपर्यंत. पण एकीला माफ केलं की उद्या प्रत्येकीला करावं लागेल, आणि मग पेटीच राहायची नाही. कोण आहे ती?"

खोटं होतं का ते? तेही नाही. हाच तर वैताग आहे अशा लोकांचा, त्यांचं म्हणणं बरोबर असतं.

"कुणी नाही, बाईसाहेब. विचारलं आपलं," केझाया म्हणाली. गेलेल्या जिवाला फडकंही चालतं, हे वाक्य घरापर्यंत तिच्याबरोबर आलं.

घरी येऊन तिनं कपाट उघडलं, झबलं काढलं आणि सुईत लाल दोरा ओवला. गावाचं अक्षर काढणं म्हणजे तिला डाव्या हाताचा मळ. त्या दिवशी मात्र दोरा पुन्हा पुन्हा गुंतत होता.

एमस चिखलाचे बूट घेऊन दारात आला आणि तिथंच थबकला. "अगं, काय करतेस हे? त्याचं म्हणून एवढंच तर आहे आपल्याकडे!"

"त्याचं कुठं आहे हो? त्याच्या अंगाला लागलंय कधी?" असं म्हणून ती मोठ्यानं रडली. त्या घरानं असं रडणं पूर्वी एकदाच ऐकलं होतं. रडतारडताच तिनं अक्षर पुरं केलं.

शनिवारी कपडे बरोबर भरले. मिस रेव्हनहिलनं ते झबलं उचलून उजेडात धरलं.

"हे बरंच नवं दिसतंय."

"फारसं वापरलं गेलं नाही, बाईसाहेब."

हिवाळ्यात हल्बर्टकडे कोळसा आला. थर्झानं तो मुकाट्यानं आत घेतला, पण केझाया रस्त्यात दिसली की ती तोंड फिरवायची. "विकलंस?" हा शब्द ती विसरली नव्हती, आणि केझायाला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

पुढच्या वसंतात थर्झाला पुन्हा दिवस भरत आले. पेटी न्यायला आली तेव्हा एकेक कपडा मोजताना तिचा हात त्या नक्षीवर थांबला.

"माझ्या पोरीचं झबलं जिथं आहे तिथंच आहे. मग हे कुणाचं?"

"गावाचं. अक्षर दिसत नाही का?"

थर्झानं नक्षी पाहिली, मग केझायाकडे पाहिलं. उत्तरेच्या भिंतीपाशी कुणाचं काय आहे, हे आईकडून तिच्याही कानावर आलेलं असणार. ती पेटी उचलून गेली.

मुलगा झाला, आणि जगला. महिना संपायला आला तेव्हा थर्झा दारात उभी राहिली. सवयीनं केझायानं पेटीसाठी हात पुढे केले. थर्झानं त्या हातांत पोर ठेवलं, पिसाच्या नक्षीच्या झबल्यातलं.

"अगं, मी कुणाला घेत नाही!"

"आज घ्या, काकू. फीत बांधायची ठेवलीय मी."

केझायानं पोर मांडीवर घेतलं, आणि फीत बांधली गेली. पोरानं जांभई दिली. झबलं खांद्यावर नीट बसलं होतं. "बरोबर झालं गं," ती म्हणाली, "मापाचं झालं," आणि पोराच्या कपाळावर तिचे अश्रू पडत राहिले. थर्झानं ते पुसले नाहीत.

मग थर्झा म्हणाली, "काकू, हे झबलं तुम्ही ठेवून घ्या. हरवलं म्हणून सांगते मी."

"आणि कोळसा?"

"बघू काहीतरी."

"काही बघू नकोस. जेसीची छाती बघ, या पोराकडे बघ." केझायानं पोर परत दिलं. दिलं, पण हात तसेच वाकलेले राहिले. "शनिवारी आण. धुऊन."

शनिवारी झबलं आलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. केझायानं ते नाकाशी धरलं. साबणाच्या आत अजून दुधाचा वास होता. खालच्या आळीतली एक बाई पेटीसाठी दारात खोळंबली होती. केझायानं झबल्याची घडी घातली, इतर कपड्यांत ठेवली आणि पेटी तिच्या हातात दिली.