डाव्या पायाची गाडी

माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला तो ओमानमधल्या अल अमेरातच्या घाटात, एका शुक्रवारी दुपारी. गाडी नवरा चालवत होता; इथे स्टिअरिंग डावीकडे असतं, मी त्याच्या उजवीकडे होते. मागच्या सीटवर आमची अकरा वर्षांची मुलगी कानांत इयरफोन घालून बसली होती. मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी जेवताना जास्त हसले, यावरून भांडण सुरू झालं होतं. उतार लागला तेव्हा तो ओरडत होता आणि मी बाहेर बघत गप्प बसले होते. माझं गप्प बसणं त्याला कधीच सोसायचं नाही. त्याने स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलला आणि माझ्या तोंडावर हाणला. एकदा, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या फटक्याला गाडी उजवीकडे गेली आणि माझ्या बाजूने डोंगराच्या कापलेल्या खडकावर घासत, आपटत खाली गेली.

तो आवाज सांगता येणार नाही. दार आत आलं आणि पाय त्यात चिमटला. मी खाली पाहिलं तर माझी चप्पल उलट्या दिशेला वळली होती, आणि तिच्यात पाऊल होतं. मुलगी किंचाळत होती, म्हणजे ती जिवंत होती. नवऱ्याच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, बाकी काही नाही. लोक धावत यायच्या आत तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “बकरी आडवी आली होती. कळलं? बकरी.”

हॉस्पिटलात पोलिसांनी विचारलं तेव्हा मी बकरीच सांगितली. तीन दिवसांनी पाय कापला.

आम्ही दोघं वसईचे. तो इथे एका हॉटेलच्या किचनमध्ये मोठा शेफ, मी एका बांधकाम कंपनीत खरेदी विभागात. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि मार खायची सवय मला गाडीत बसायच्या आधीपासून होती. चर्चमध्ये लोक म्हणायचे, बायकोला नुसतं फुलासारखं जपतो. हॉस्पिटलात तो रोज सूप करून आणायचा आणि नर्ससमोर मला चमच्याने भरवायचा.

मी सहा महिन्यांनी नकली पाय आणि एक कुबडी घेऊन कामावर परतले. अल खौदच्या आमच्या फ्लॅटपासून ऑफिस लांब. त्याची ड्युटी सुटेपर्यंत मी ऑफिसच्या लॉबीत बसून राहायची. कधी तो दोन तास उशिरा यायचा आणि वर विचारायचा, “कोणाशी बोलत होतीस?” एकदा मला तसंच बसलेलं आमच्या मॅनेजरसाहेबांनी पाहिलं. ते ओमानी, वयाने माझ्या वडिलांएवढे. म्हणाले, “सिस्टर, तुझ्याकडे लायसन्स आहे ना? कंपनी दहा जणांना लीजवर गाडी देते. तुला का नको?”

लायसन्स होतं, पण सात वर्षं पाकिटात पडलेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा नकली पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचा नाही, किती दाबला ते त्याला कळत नाही. ब्रेकच्या डावीकडे दुसरा ॲक्सिलरेटर बसवून घ्यायचा आणि सगळं डाव्या पायाने करायचं. मग परत टेस्ट झाली, लायसन्सवर तशी नोंद झाली. हे सगळं मी ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या ड्रायव्हरबरोबर जाऊन केलं. घरी शेवटी सांगितलं. त्याने हातातली प्लेट भिंतीवर फोडली आणि मग शांतपणे म्हणाला, “ठीक आहे. गाडी बघायला मी येणार.”

लीजवाल्यांचं आवार उघडं, सिमेंटचं. ऑगस्टची सकाळ होती, पण दहालाच जमीन तव्यासारखी तापली होती. तिथला क्लार्क पंचविशीचा ओमानी, हिंदी छान बोलायचा. त्याने मुलीला ऑफिसात एसीमध्ये बसवलं, हातात ज्यूस दिला आणि आम्हाला गाड्या दाखवायला बाहेर नेलं.

पहिली सात सीटांची, उंच. नवरा लगेच तिच्यात चढून बसला, सीट मागेपुढे करून पाहिली. मी चढायला गेले तर पायरी मांडीएवढी. कुबडी कुठे टेकवायची तेच कळेना. डावा पाय वर टाकला तर उजवा खाली लटकत राहिला. क्लार्क मदतीला पुढे आला तसा नवरा म्हणाला, “हात नको लावू.” मी तशीच उतरले.

दुसरी बुटकी सेडान. तिच्यात बसले म्हणजे पडलेच. उठताना दाराला लोंबकळावं लागलं. शिवाय पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा होता आणि नेमका डाव्या कोपऱ्यात, जिथे माझा नवा ॲक्सिलरेटर यायचा. क्लार्कने खाली वाकून पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, “खलास, ये नहीं चलेगा.”

तिसरी मध्यम उंचीची, छोटी, पांढरी. सीट बरोबर माझ्या कमरेच्या उंचीला. आधी बसायचं, मग हाताने नकली पाय उचलून आत घ्यायचा. दार पार काटकोनापर्यंत उघडत होतं. पार्किंग ब्रेकला बटण होतं. कुबडी दोन सीटांच्या मधून मागे सरकत होती. मी बसले, उतरले, परत बसले. असं चार वेळा केलं, कोणाचा हात न धरता. पाचव्या वेळी मला हसू आलं.

“गाडीच्या तळाला भोक पाडून पेडल बसवायला लागेल,” मी क्लार्कला म्हणाले. “गाडी तुमची. चालेल?”

“सीटच्याच बोल्टवर पट्टी बसते. भोक नाही लागत. मी साहेबांची सही घेतो, इन्शाल्ला.”

“मोठी गाडी लिही,” नवरा मागून म्हणाला.

“मला हीच हवी,” मी म्हणाले.

“चालवणार कोण?”

“मी.”

क्लार्कने कागदावर तिसऱ्या गाडीचा नंबर लिहिला. मला त्याचं पेन हलताना दिसलं आणि त्याच क्षणी नवऱ्याने माझ्या नकली पायाला लाथ घातली. पाय खालून निसटला, मी तळहातांवर पडले. सिमेंटने कातडी भाजली. त्याने माझी कुबडी उचलली आणि पांढऱ्या गाडीचा आरसा फोडला, मग पुढची काच. काचेला तडे गेले तरी ती फुटली नाही, म्हणून तो परत परत मारत राहिला. मारताना म्हणत होता, “चालव! चालव आता!” मग तो माझ्याकडे वळला.

कुबडी माझ्या खांद्यावर बसली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी धरली. भाजलेल्या तळव्यांनी. त्याने हिसडा दिला, घाम होता, त्याचा हात सटकला आणि कुबडी माझ्याकडे राहिली. मी बसल्या बसल्या त्याच्या गुडघ्यावर मारली. तो ओरडला. परत त्याच गुडघ्यावर मारली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि तो माझ्यासमोर, माझ्याच उंचीवर, खाली बसला. मी तिसऱ्यांदा कुबडी उचलली ती डोक्यासाठी होती. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. मला त्या वेळी फार बरं वाटत होतं.

क्लार्कने मागून माझे हात धरले. “बस, सिस्टर. बस. खलास.” हात न लावण्याची ताकीद तो विसरला होता. गेटवरच्या माणसाला त्याने गेट लावायला सांगितलं आणि पोलिसांना फोन केला.

काचेपलीकडे माझी मुलगी उभी होती. ज्यूस तसाच हातात होता.

पोलीस ठाण्यात एका बाई अधिकाऱ्याने जबाब घेतला. क्लार्क मध्ये बसून अरबीत सांगत होता. मी आजचं सांगितलं, मग म्हणाले, घाटातलंही लिहा, बकरी नव्हती. क्लार्क थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मग तेही सांगितलं. बाईंनी विचारलं, “आधी का नाही बोललीस?” मी म्हणाले, “मला घरी त्याच्याबरोबरच जायचं होतं.” त्यांनी मान हलवली आणि लिहिलं.

पहिला हात त्याने उचलला हे क्लार्कने सांगितलं, म्हणून माझ्यावर केस झाली नाही. तो काही आठवडे आत होता. हॉटेलने त्याला काढलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो वसईला परत गेला. मुलीचा व्हिसा त्याच्या नावावर होता, तो माझ्या नावावर करून घेताना ऑफिसच्या माणसाला खूप खेपा माराव्या लागल्या. नणंदेने फोनवर मला नको नको ते सुनावलं. चर्चमधल्या दोन बायका अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. त्या म्हणतात, बिचाऱ्याला लंगडं केलं.

काच बदलून, पेडल बसवून गाडी मिळाली. पहिले दिवस मी अल खौदच्या गल्ल्यांतून सायकल शिकणाऱ्या पोरासारखी चालवली. डावा पाय दोन्ही कामं करून संध्याकाळी थरथरायचा. सिग्नलला मागचा कोणी हॉर्न वाजवला की माझ्या तोंडून वसईच्या बाजारातली शिवी बाहेर पडायची, आणि मुलगी मान खाली घालायची.

ती कित्येक आठवडे माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलली नाही. एका शनिवारी आम्ही अल मवालेहच्या भाजी मार्केटला निघालो होतो. तिने अडखळत मराठीतच विचारलं, शब्द शोधत.

“मम्मा, तू डॅडीला... मारून टाकणार होतीस?”

मी गाडी कडेला घेतली. खोटं सांगायचा विचार आला होता.

“हो,” मी म्हणाले. “त्या काकांनी धरलं नसतं तर.”

“आय वॉज स्केअर्ड ऑफ यू,” ती म्हणाली. “त्याची पण. दोघांची.”

मी म्हणाले, “मला माहीत आहे.” तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर ती दाराकडे सरकली. मी हात परत स्टिअरिंगवर ठेवला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “यल्ला मम्मा, चल, कांदे संपतील.” मी इंडिकेटर लावला, मागे पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.