नाड्या न बांधणारे डागदरसाब

डागदरसाब बुटांच्या नाड्या बांधत नसत. हैदराबादेत शिकलेला, कडक इस्त्रीची शेरवानी घालणारा माणूस, पण नाड्या बीडच्या धुळीत लोळत. कुणी नवखा म्हणाला, "साब, नाड्या सुटल्या," की ते म्हणत, "सुटू दे."

त्यांना नाद एकच, पोरांच्या डोक्याचा. झोकांड्या खाणारं पोर दिसलं की भर बाजारात टांगा थांबवून ते त्याला सरळ रेषेत चालायला लावत. लोक म्हणत, वारं लागलंय, कपिलधारच्या धबधब्याखाली धरा. साब म्हणत, "वारं न्हाई, डोक्यात गाठ असते. एकदा आत बघू दिलं तर पुढच्या लेकराला कायतरी करता येईल." पण मेलेल्या लेकराचं डोकं कोण उघडू देणार? त्यांना बघून आया पोरं पदराआड घेत.

माझी धाकटी बहीण सोना रोज सकाळी ओकू लागली, चालताना भिंत धरू लागली. आईनं तिला दवाखान्यात नेलं. साब हळूच म्हणाले, "माई, गाठ हाय. माझ्याकडं इलाज न्हाई."

आईला कळलं ते एवढंच, की गाठ आहे. बाळंतीण अडली की आमच्याकडे घरातल्या गाठी सोडतात. आईनं सोनाची वेणी सोडली, गळ्यातला काळा दोरा सोडला, गाठोडी सोडली. म्हशीचं दावंही सोडलं. म्हैस दिवसभर गावात हिंडली, पण कुणी हसलं नाही.

शेवटी सोनानं दवाखान्यातच जीव सोडला. साबांनी या वेळी काही मागितलं नाही. आईच म्हणाली, "डागदरसाब, उघडा. गाठ सुटली का न्हाई, तेवढं सांगा मला."

खोलीतून बाहेर येऊन ते म्हणाले, "सुटली, माई. समदी सुटली." तेव्हा कुठे आई रडली. साब पायरीवर बसले आणि वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. त्या पुन्हा कधी बांधल्या नाहीत.

मोठेपणी मी विचारलंच, गाठ खरंच सुटली होती का. ते म्हणाले, "न्हाई बेटा. लिंबाएवढी होती, जशीच्या तशी. अजून डोळ्यांपुढून हालत न्हाई." माझ्याही डोळ्यांपुढून सोना हलत नाही. रस्त्यात एखादं लेकरू नुसतं अडखळलं तरी मी थांबून त्याची चाल बघत राहतो.

साब वारले तेव्हा मी कब्रस्तानात गेलो होतो. देह कबरीत ठेवल्यावर कुणीतरी कफनाच्या गाठी सोडल्या. त्यांच्यात तशी रीतच आहे. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं विचारलं,

"समद्या सोडल्या नव्हं?"

"हो, आई. समद्या. मी डोळ्यांनी बघितलं."